छोट्या गावात फिजिओथेरपी असिस्टंट कसा शोधायचा आणि तो नेमकं काय करतो?

वडिलांचा गुडघा बदललाय, गाव लहान आहे, असिस्टंट कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. आईच्या वेळी मी यातून गेलोय आणि उलट्या टोकाने सुरुवात करून फसलोय, म्हणून सांगतो, असिस्टंट शोधूच नका, आधी फिजिओथेरपिस्ट शोधा, भले तो दुसऱ्या गावात का असेना.

आम्ही काय केलं, कुणीतरी सांगितलं म्हणून एकाला घरी बोलावलं, तो म्हणे मी फिजिओचं सगळं करतो. निघाला मालिशवाला. पहिल्याच दिवशी गुडघा असा दाबून वाकवला की रात्री हा भला मोठा सुजला आणि पुढचे चार दिवस आई पायाला कुणाला हात लावू देईना.

मग जिथे ऑपरेशन झालं तिथल्याच फिजिओ डिपार्टमेंटला फोन केला (हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारायला हवं होतं, पण तेव्हा डोकं कुठे चालतं). त्यांच्या हाताखाली काम केलेली एक मुलगी जवळच राहत होती, तीच यायला लागली. गावात ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांनाही विचारा, त्यांना कोण चांगलं कोण नाही हे बरोबर माहीत असतं.

आता काम काय. तपासणं, कुठला व्यायाम किती ते ठरवणं, प्लॅन बदलणं हे थेरपिस्टचं. असिस्टंट तो प्लॅन पेशंटकडून करून घेतो, म्हणजे व्यायाम, वॉकर घेऊन चालवणं, जिना. अमेरिकेत तर यासाठी वेगळा दोन वर्षांचा कोर्स आणि लायसन्सची परीक्षा आहे, तरी तिथेही पहिली तपासणी थेरपिस्टच करतो. ऐकायला हे हरकाम्याचं काम वाटतं पण तसं नाहीये, आमच्याकडे येणाऱ्या त्या असिस्टंट मुलीने आल्याआल्या वॉकरची उंची बदलली, हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यायला पाहिजे म्हणाली, आणि आई गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची ती काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. आम्ही सगळे गुडघा वाकतोय का तेवढंच बघत होतो, तो पूर्ण सरळ व्हायला हवा हे कुणाच्या गावीच नव्हतं! दर दोन-तीन दिवसांनी ती कोन मोजून थेरपिस्टला कळवायची. जिन्याचं पण तिनेच शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

ठेवायच्या आधी दोनच प्रश्न विचारा. तुमच्यावर कोण थेरपिस्ट आहे, त्यांचा नंबर द्या. आणि पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर काय कराल? चोळून देतो म्हणाला तर दारातूनच नमस्कार करा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते आणि तिथे चोळणं धोक्याचं. व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवतो म्हणाला तर ठेवा. (श्वास लागला, छातीत दुखलं तर मात्र कुणाची वाट न बघता थेट हॉस्पिटल.)

थेरपिस्ट रोज येणं शक्य नसतं, आमचे पंधरा दिवसांनी बघायचे आणि मधे व्हिडिओ कॉल. त्या कॉलला घरातलं कुणीतरी फोन धरायला थांबा, असिस्टंटचे दोन्ही हात पेशंटला धरण्यात अडकलेले असतात, आमचा पहिला कॉल अख्खा छताचा पंखा दाखवण्यात गेला.