वाचकांचे प्रश्न : कोणता ऑस्ट्रेलिया मोठा?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून ब्रॅडमनने २४ पैकी १५ कसोटी जिंकल्या, पाँटिंगने ७७ पैकी ४८. दोघांची टक्केवारी ६२ च्या घरात. मग त्यांचे संघ तोडीस तोड मानायचे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. कर्णधाराच्या टक्केवारीवरून संघ मोजता येत नाही. पाँटिंगच्या हाताखालीच दोन वेगळे संघ होऊन गेले. २००६-०७ ची ॲशेस (इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका) ५-० जिंकून वॉर्न, मॅकग्रा आणि लँगर एकदमच निवृत्त झाले, वर्षभरात गिलख्रिस्टही गेला. त्यानंतर २००८ मध्ये भारतात ०-२, आणि २००९ व २०१०-११ अशा लागोपाठ दोन ॲशेस गमावल्या. कर्णधार तोच होता, सामन्यात २० बळी काढणारे राहिले नव्हते.

म्हणून आधी कालखंड ठरवा, मग तीन गोष्टी कागदावर मांडा : समोर कोण होतं, सामने कुठे झाले आणि नियम काय होते. १९४८ चा संघ इंग्लंड दौऱ्यात ३४ सामन्यांत एकही हरला नाही. लीड्सला शेवटच्या दिवशी ४०४ धावांचा पाठलाग केला. मॉरिस १८२, ब्रॅडमन नाबाद १७३. पण त्या मालिकेत ५५ षटकं झाली की लगेच, म्हणजे एरवीपेक्षा लवकर, नवा चेंडू मिळत होता. लिंडवॉल आणि मिलर दम घेऊन लगेच नव्या चेंडूवर परतत. इंग्लंडही नुकतंच महायुद्धातून बाहेर पडलं होतं. ओव्हलवर ५२ धावांत गुंडाळलं ते त्यांनाच.

स्टीव्ह वॉच्या काळात पुरा झालेला सलग १६ विजयांचा क्रमही असाच तपासा. त्यातले ११ मायदेशी, तीन न्यूझीलंडमध्ये, एक हरारेत, एक मुंबईत. १७ व्या सामन्यात, कोलकात्यात २००१ ला, लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० काढून तो क्रम मोडला. एवढं वजा करूनही आमचं मत १९९९ ते २००७ च्या संघाकडे झुकतं. वेगवान खेळपट्टीवर मॅकग्रा, पाचव्या दिवशी वॉर्न, आणि सातव्या क्रमांकावर ४७ च्या सरासरीचा गिलख्रिस्ट. असा संच आधी कुणाकडे नव्हता. २००५ च्या ॲशेसमध्ये ते दोनच कसोटी हरले, आणि नेमक्या त्या दोन्हींत मॅकग्रा दुखापतीमुळे बाहेर होता.

प्रश्न : ऑस्ट्रेलियन क्रिकेटमधला सर्वांत प्रभावी माणूस कोण?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : फलंदाज म्हणून ब्रॅडमन, त्यात वादच नाही. पण संघ घडवणारा म्हणाल तर ॲलन बॉर्डर. ९३ कसोटींत ३२ विजय, आकडा साधाच. १९८४ मध्ये त्याच्याकडे आला तेव्हा संघ पार खचलेला होता. १९८६ मध्ये बॉब सिम्प्सन प्रशिक्षक झाला आणि क्षेत्ररक्षणाची तालीम कडक झाली. १९८७ चा विश्वचषक कोलकात्यात सात धावांनी मिळाला, १९८९ मध्ये ॲशेस ४-० ने. वेस्ट इंडीज मात्र त्याला कधीच नमलं नाही. १९९३ मध्ये ॲडलेडला एका धावेने मालिका हातची गेली, याचं आजही वाईट वाटतं. दोन वर्षांनी ते काम मार्क टेलरने पुरं केलं.

प्रश्न : २००४ मध्ये ऑस्ट्रेलियन भारतात कसे जिंकले? आमच्या तालुका स्पर्धेत चेंडू उसळतच नाही. ते डावपेच चालतील का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : चालतील. उसळी नसेल तिथे स्लिपमध्ये माणसं अडकवून ठेवण्यात अर्थ नसतो. त्यांनी यष्ट्यांवर मारा केला, लेगला झेलासाठी माणसं लावली आणि चौकार अडवायला दोन्ही बाजूंना सीमेवर क्षेत्ररक्षक ठेवले. १९६९-७० नंतर प्रथमच इथे मालिका जिंकली. अर्थात नागपूरच्या ३४२ धावांच्या विजयात गवताळ खेळपट्टीचाही वाटा होता.

काळ्या मातीच्या मैदानावर उन्हाळ्यात एकच स्लिप ठेवा, एक माणूस शॉर्ट मिडविकेटला, डीप पॉइंट आणि डीप स्क्वेअर लेग सीमेवर. चेंडू मधल्या आणि ऑफ यष्टीवरच हवा. लेग यष्टीकडे सरकला की फाइन लेगला चौकार जातो. तसं दोन षटकं होत राहिलं तर क्षेत्ररचना हलवू नका, गोलंदाज बदला.