नागपूरहून मालवणला जाताना आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरचं पाच जणांचं कुटुंब, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, सोबत ६८ वर्षांच्या आई. फेब्रुवारीत पाच दिवस मालवण. कसं जावं, कुठे राहावं आणि काय चुकतं?

पहिली चूक दिवस मोजण्यातच होते. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत पाच दिवस धरले असतील, तर मालवणात जेमतेम अडीच मिळतील. एक सुट्टी वाढवता आली तर नक्की वाढवा, कारण त्या गावाचा वेगच संथ आहे. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, रात्री साडेनऊनंतर जेवण मिळणं अवघड. तिथे घाई करून काही हाती लागत नाही.

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेच्या कुडाळला उतरायचं, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. गाडी कुडाळला थांबत नसेल तर कणकवली, तिथून साधारण ४०. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते. ती भुसावळ, नाशिक, पनवेल, रत्नागिरी करत साधारण चोवीस तासांत कुडाळला आणते. आईंना मध्येच गाडी बदलायला लावायची नसेल तर हीच गाडी सोयीची. मात्र विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत टप्प्याटप्प्यानं वाढवतात, म्हणून तुमच्या तारखांना ती आहे ना, हे आधी बघा. दुसरा मार्ग म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसनं ठाणे आणि तिथून कोकणातली गाडी. या दोन गाड्यांच्या मध्ये किमान चार तास सोडा. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी हुकली तर त्या दिवशी पाच जागा पुन्हा मिळणं जवळपास अशक्य. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर आणि पुढे एसटीनं घाट उतरून, हाही रस्ता आहे. पण तो मुलांना आणि वयस्कर माणसांना थकवतो, घाटात उलट्याही होतात.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). जातानाचं तिकीट लोक वेळेवर काढतात आणि परतीचं चार-पाच दिवसांनी उघडणार, हे विसरून जातात. कोकणातून परतणाऱ्या गाड्या, त्यातही रविवारच्या, लगेच भरतात. परतीच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये वेगळी लावून ठेवा.

विमानानं जाणार असाल तर गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. मालवणसाठी मोपाच घ्या. मोपा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे, तिथून मालवण साधारण ८० किलोमीटर, दोन तास. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पैसे भरू नका. चिपीचा विमानतळ मालवणपासून अगदी जवळ आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरूही झाला. पण तिथली सेवा अनेकदा बंद-सुरू झाली आहे, त्यामुळे सगळा बेत तिच्यावर बांधू नका.

आता मुख्य गोष्ट. आपण समुद्रापासून लांबची माणसं. आपल्या फुटाळा तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या लोकांचा साधा हिशेब आहे: पक्षातली तिथी घ्या आणि तिला पाऊण तासानं गुणा, की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, म्हणून भरती सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बेत आखायला तेवढं पुरतं. नेमकी वेळ होडीवाल्याला विचारा.

याचा उपयोग असा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे वाळूचा एक पट्टा आहे. त्याला सुनामी आयलंड म्हणतात. भरतीत तो पाण्याखाली जातो, ओहोटीत वर येतो. पौर्णिमेच्या दिवशी अकरा वाजता तिथे गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून परत यावं लागेल. षष्ठी ते नवमीच्या दिवसांत मात्र ओहोटी साडेदहा ते पाऊणच्या दरम्यान येते. दुपारच्या जेवणाआधी जाऊन यायला ही वेळ बरी. शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी आणि तळाची माती कमी ढवळते. स्कूबासाठी हेच हवं. उलट तुम्हाला फक्त किनाऱ्यावर फिरायचं असेल तर पौर्णिमा-अमावस्येची संध्याकाळ सुंदर असते. सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं असतं आणि ओली, कडक वाळू चालायला मोकळी मिळते. आईंना कोरड्या भुसभुशीत वाळूत चालणं जड जाईल, या ओल्या वाळूवर त्या आरामात चालतील. म्हणून सांगतो, तारखा ठरवताना पंचांग उघडा आणि अष्टमी मुक्कामाच्या मधोमध येईल असं बघा.

पाण्यात उतरण्याबद्दल. मुलांना तलावात किंवा स्विमिंग पूलमध्ये पोहता येतं, एवढ्यावर विसंबू नका. लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, माणूस तिथेच पडतो. मुलांसाठी गुडघ्यापर्यंत, मोठ्यांसाठी कमरेपर्यंत, त्यापुढे नाही. देवबागच्या संगमावर तर पोहूच नका. ओहोटी सुरू झाली की नदीचं आणि खाडीचं पाणी एकाच तोंडातून समुद्राकडे जोरात जातं, वरून मात्र ते शांत दिसतं. कुठेही ओढ लागली तर किनाऱ्याकडे सरळ झटू नका, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढीचा पट्टा अरुंद असतो, आणि मग बाहेर या. मुलांना हे घरून निघण्याआधीच समजावून सांगा.

स्कूबा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांजवळ करवतात. पोहता येण्याची अट नसते, प्रशिक्षक धरून खाली नेतो. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त स्वच्छ असतं. सर्दी, कानदुखी, दमा, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर करू नका. खाली जाताना कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायला लागायच्या आधी, दर थोड्या अंतरावर. बहुतेकांची स्कूबा बिघडते ती इथे: दुखेपर्यंत थांबतात आणि मग घाबरून वर येतात. सकाळी पोटभर खाऊन होडीत बसू नका, हलकं काहीतरी तासभर आधी खा. परतीचं विमान असेल तर स्कूबा आणि विमान यांत किमान १२ तास हवेत, मी तर स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकायला सांगेन. आणि होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, त्याचे सगळे बंद लावलेले, लहान मुलाला लहान मापाचं. होडी भरून वाहत असेल तर पुढची घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंदच असतं, ते समुद्र खवळलेला असतो म्हणून. त्या काळात कुणी ‘नेतो’ म्हणालं तरी जाऊ नका.

राहायला तीन ठिकाणं: मालवण गाव, तिथून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि त्याही पुढे देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी जमीन. शांत आहे, पण रस्ता एकच आणि औषधाच्या दुकानासाठीसुद्धा लांब यावं लागतं. आई सोबत आहेत म्हणून मी मालवण गावातल्या चिवला किनाऱ्याजवळ किंवा तारकर्लीत, एकाच जागी सगळा मुक्काम करा असं सांगेन. बुक करताना फोनवर हे विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वीज गेल्यावर पंखा चालतो का, समुद्र चालत किती मिनिटांवर आहे. ‘समुद्रासमोर’ आणि ‘समुद्राजवळ’ यांत फार फरक पडतो. माडाखाली खुर्ची टाकून बसू नका, गाडीही लावू नका. नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत.

हवेबद्दल नागपूरकरांची हमखास फसगत होते. समुद्र म्हणजे गारवा, असं आपण धरून चालतो. फेब्रुवारीत तिथे दुपारी पारा बत्तीस-तेहतीसच्या आसपास असतो, आपल्या मेच्या मानानं काहीच नाही. पण हवेत इतका ओलावा की घाम वाळतच नाही. आपल्याकडे कूलरच्या खसच्या ताट्यांतून कोरडी हवा आत येते, पाणी उडून जातं आणि खोली गार होते. तिथे हवेला पाणी आधीच भरपूर आहे, ते उडणार कुठे? कूलर लावला तर खोली फक्त दमट होईल. म्हणून एसी नाहीतर समोरासमोर खिडक्या असलेली खोली. सुती, सैल कपडे माणशी रोज दोन जोड धरा, कारण धुतलेलं रात्रभरात वाळत नाही. स्वेटर फक्त गाडीतल्या रात्रीसाठी. चामड्याच्या चपला घरीच ठेवा, खाऱ्या पाण्यात त्या वाया जातात.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एकीनं जा. दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी उडते. याच किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर केली. तिथे शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना दूध बाव, दही बाव, साखर बाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. होडीवाले परतायला साधारण तासाभराची वेळ देतात, तेवढ्यात तटावरून फेरी होत नाही. चढण्याआधीच सांगून ठेवा की आम्ही पुढच्या होडीनं येऊ. आईंना होडीत चढवताना दोघांनी दोन्ही हात धरायचे, लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाऊल टाकायचं.

जेवणाचं. सावजीची सवय असलेल्या जिभेला मालवणी रस्सा पहिल्या घासाला सौम्य वाटेल, तिखट खोबऱ्याच्या मागून येतं. कोंबडी-वडे यातले वडे म्हणजे तांदूळ आणि डाळींच्या पिठाच्या जाड पुऱ्या, आपले डाळीचे वडे नव्हेत. घरगुती मुक्कामी रात्रीच्या माशाचं सकाळीच सांगून ठेवा, बाजारातून तेवढंच आणतात. मुलांना आधी सुरमईची तुकडी द्या, तिच्यात मधलाच काटा असतो. बांगडा खाताना शेपटीकडून सुरुवात करून वरचं मांस बाजूला करा, मग मधला काटा शेपटीला धरून डोक्याकडे अख्खा उचला. रोहू-कतल्यासारखे बारीक काटे निवडत बसावं लागत नाही. तिसऱ्यांमध्ये जे शिंपले शिजूनही उघडले नाहीत ते सोडून द्या. पापलेट, मोठी कोळंबी, शेवंड (लॉबस्टर) यांचा भाव त्या दिवसावर ठरतो, ऑर्डरच्या आधी विचारा. यात संकोच नको. बांगडा नेहमीच परवडतो आणि ताजा असेल तर मला तोच सगळ्यांत आवडतो. आई शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मागा, फेब्रुवारीच्या शेवटी नशिबानं ओल्या काजूची उसळही मिळेल.

परतताना काजू, खाजा आणि कोकम घ्या. सुकी मासळी घेतलीत तर तीन पिशव्यांत गुंडाळा, चोवीस तास गाडीचा डबा बंद असतो. कोकमाच्या बाटल्यांत आगळ आणि सरबत असे दोन प्रकार असतात. सरबतात साखर असते, आगळ खारट असतं, त्यामुळे लेबल वाचून घ्या. सोलकढीला आगळच लागतं: एका नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे, वाटलेला लसूण, मिरची, वरून कोथिंबीर. चुलीवर अजिबात ठेवू नका, तापलं की दूध फुटतं. बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट बंद करा आणि बॅगेत उभी ठेवा.