सगळं ठरल्यावर तिनं सांगितलं

सस्नेह नमस्कार,

वीस वर्षांच्या मुलीनं इंटर्नशिप स्वतः शोधली, मुलाखत दिली, दुसऱ्या शहरात मैत्रिणीबरोबर राहायची सोयही लावली, आणि मग तुम्हाला सांगितलं. तुम्ही लिहिता, ‘कौतुक तर वाटतंच, पण आत काहीतरी टोचतं. मला आधी विचारावंसंही वाटलं नाही?’ आणि शेवटी प्रश्न : ही इंटर्नशिप तिच्या करिअरसाठी योग्य आहे का?

आहे. डोनाल्ड सुपर या करिअर-मानसशास्त्रज्ञानं कामाच्या आयुष्याचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण पंधरा ते चोवीस हा धुंडाळण्याचा काळ. सहा महिन्यांनी तिला कळलं की हे काम आपलं नाही, तर ते आत्ता कळलेलं बरं, तिशीत कळण्यापेक्षा. कामाचे तास, मानधन आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र लेखी आहे ना, परीक्षेच्या तारखा आड येत नाहीत ना, एवढं मात्र नक्की विचारा. ते विचारणं म्हणजे ढवळाढवळ नव्हे.

आता टोचण्याबद्दल. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे एकमेकांत अडकवून पिरॅमिड रचायचा होता आणि मदतीला एक शिकवणारी होती. तीन वर्षांच्यांना तिनं करून दाखवावं लागे. चार वर्षांच्यांना कुठे चुकतंय ते तोंडी सांगितलं तरी पुरे. पाच वर्षांच्यांचं काम बरंचसं त्यांचं तेच चाले. त्यांना ती लागे ती मुख्यतः ‘बरोबर जमलंय ना?’ याची खात्री करून घ्यायला. मला हा तपशील फार बोलका वाटतो. तुमची मुलगी सगळं ठरवून तुमच्याकडे आली, ते मला तरी तसंच दिसतं. तुम्हाला वगळायचं असतं तर राहण्याच्या जागेचे फोटो तिनं तुम्हाला दाखवले नसते.

म्हणून वाईट वाटायचं थांबेल असं नाही, आणि थांबायलाच हवं असंही नाही. अभिमान खरा आणि हुरहुरही खरी. फक्त हुरहुरीला करिअरच्या सल्ल्याचे कपडे घालू नका. पालक माझ्यासमोर बसून ‘या क्षेत्रात स्कोप नाही’ म्हणतात, तेव्हा बरेचदा त्यांना ‘तू लांब जाऊ नकोस’ असं म्हणायचं असतं. मुलं बिचारी स्कोपचे आकडे आणून वाद घालत बसतात आणि मूळ गोष्ट बोलायचीच राहते. त्यापेक्षा सरळ सांगा : ‘मला तुझी आठवण येईल, आणि आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.’ एकदाच सांगा, निघण्याच्या आदल्या रात्री नको. आणि त्यावर तिनं बेत बदलावा अशी अपेक्षा नको.

ती गेल्यावर रोज फोन करायचा की नाही, हे तिच्याशी बोलून ठरवा. एक मात्र पाळा : तिनं अडचण सांगितली की लगेच तोडगा देऊ नका. ‘मग तू काय करायचं म्हणतेस?’ एवढं विचारून थांबा. पहिले काही आठवडे हे जड जाईल. पैशांचा विषय मात्र मोघम ठेवू नका. घरून किती मिळणार आणि कधीपर्यंत, हे आत्ताच स्पष्ट झालेलं बरं. मदतीची रक्कम ठरलेली असली की महिन्याचा खर्च तिचा तिला आखता येतो, आणि तुम्हालाही प्रत्येक खरेदीवर बोलायचा मोह होत नाही.

पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंत : ‘ती झाल्यावर मी हिशेबनीसाची नोकरी सोडली.’ करिअर मार्गदर्शकाला लिहिलंय, तेव्हा ते कंसात राहू देणं मला पटत नाही. सुपरनंच १९८० मध्ये आयुष्याची आकृती इंद्रधनुष्यासारखी काढली होती : मूल, विद्यार्थी, नोकरदार, पालक अशा भूमिकांचे पट्टे एकाच वेळी चालतात, कधी एखादा रुंद, कधी अरुंद. पालकाचा पट्टा तुमच्याकडे फार वर्षं रुंद होता. आता तो अरुंद होतोय, संपत नाहीये. मोकळी झालेली जागा मुलीच्या फोनची वाट पाहण्यात जाऊ नये, असं मला वाटतं. हिशेबाची सॉफ्टवेअर्स बदललीत, पण जमाखर्चाची तत्त्वं तीच आहेत. अर्धवेळ कामापासून सुरुवात करता येते.

तेव्हा पुढचं पत्र तुमच्याबद्दल लिहा. शिक्षण, नोकरीत नेमकं काय काम होतं, कोणतं सॉफ्टवेअर हाताळलंत, आठवड्याला किती तास देता येतील. सध्याचा बायोडेटा नसेल तर जुना पाठवलात तरी चालेल.