५०० युजरची लोड टेस्ट पास झाली, तरी पहिल्याच दिवशी साइट का बसली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रवेश अर्जाचं पोर्टल, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). जेमीटर या लोड टेस्टच्या टूलमध्ये ५०० थ्रेड (म्हणजे ५०० नकली युजर), मध्ये १० सेकंदांचा टायमर, सरासरी प्रतिसाद ३०० मिलिसेकंद. तरी अर्ज सुरू झाले त्या सकाळी साइट झोपली, आणि सीपीयू मात्र निवांत होता.

आधी ५०० चा हिशोब लावू. एक युजर १० सेकंद थांबतो, ०.३ सेकंदात उत्तर घेतो, मग पुन्हा थांबतो. ५०० भागिले १०.३, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८ रिक्वेस्ट. एवढाच लोड तुम्ही दिलात. त्यात अजून एक गोम आहे. सर्व्हर मंदावून १० सेकंद घेऊ लागला की तेच ५०० थ्रेड उत्तराची वाट बघत बसतात आणि दर २५ वर येतो. सर्व्हर अडचणीत आला की टेस्टच त्याला सवलत देते. खरे विद्यार्थी अशी सवलत देत नाहीत, उलट रिफ्रेश मारतात.

म्हणून युजर मोजू नका, दर ठरवा. के-सिक्स या दुसऱ्या टूलमध्ये कॉन्स्टंट अरायव्हल रेट आहे, जेमीटरमध्ये ५.५ पासून ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप आहे. दोन्हींत सर्व्हर कितीही रखडला तरी नवीन रिक्वेस्ट ठरलेल्या वेळी निघतात. के-सिक्सच्या अहवालात ड्रॉप्ड इटरेशन्स (वेळेवर सुरूच न झालेल्या फेऱ्या) दिसले, तर ठरलेला दर गाठलाच गेला नाही. तो निकाल बाद.

सरासरी तर बघूच नका. समजा एकच थ्रेड, १० मिलिसेकंदांची रिक्वेस्ट, मिनिटभराची टेस्ट, आणि मध्ये सर्व्हर १० सेकंद गोठला. नोंद होते ती अशी: ५००० रिक्वेस्ट झकास, एक वाईट. सरासरी १२ मिलिसेकंद, नव्याण्णवावा पर्सेंटाइलही (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के रिक्वेस्ट उरकतात तो आकडा) १० च. प्रत्यक्षात लोक सेकंदाला १०० या दराने येत असते, तर त्या १० सेकंदांत हजार जण अडकले असते, म्हणजे सहातला एक. तिकीट खिडकी बंद पडल्यावर फक्त पुढच्या माणसाचा वेळ मोजावा आणि मागची रांग सोडून द्यावी, तसला प्रकार. गिल टेने यांनी याला कोऑर्डिनेटेड ओमिशन हे नाव दिलं.

आता तुमचा निवांत सीपीयू. माझा संशय थेट कनेक्शन पूलवर, म्हणजे डेटाबेसकडे उघड्या ठेवलेल्या मोजक्या कनेक्शनच्या साठ्यावर आहे. स्प्रिंग बूटमध्ये हा साठा सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीचा पूल डिफॉल्टने १० चा असतो. प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवत असेल, तर एका इन्स्टन्सची (अ‍ॅपच्या एका चालू प्रतीची) कमाल सेकंदाला २००. सकाळी पहिल्या मिनिटाला ३००० जण आले आणि प्रत्येकाच्या पानामागे ५ एपीआय कॉल असले, तर दर २५० होतो. सेकंदाला ५० जास्तीचे. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे रिक्वेस्ट हाताळणारे २०० थ्रेड चारेक सेकंदांत भरतात, बहुतेक कनेक्शनसाठी ताटकळतात, आणि बाहेरची रांग सेकंदाला ५० ने वाढत जाते. सीपीयूला कामच नाही, तो कशाला तापेल?

पूल वाढवायच्या आधी कनेक्शन कोण अडवून धरतंय ते शोधा. ट्रान्झॅक्शनच्या आत एसएमएस गेटवेला कॉल जातोय का? ओपन इन व्ह्यू चालूच आहे का? (डिफॉल्टने असतं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत कनेक्शन धरून ठेवू शकतं.) डोळे मिटून पूल ३० केला आणि इन्स्टन्स ४ असले, तर १२० कनेक्शन होतात, पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० आहे.

बाकी किरकोळ, पण नडणारं. सगळ्या थ्रेडना एकच लॉगिन देऊ नका, सीएसव्हीतून वेगवेगळे द्या. नाहीतर तुम्ही फक्त कॅशे (आधीच साठवलेली उत्तरं) तपासताय. टेबलात खऱ्याइतक्या ओळी भरा. हजार ओळींवर इंडेक्स नसला तरी कळत नाही, दहा लाखांवर लगेच कळतं. जेमीटर कमांड लाइनवरून चालवा, व्ह्यू रिझल्ट्स ट्री बंद ठेवा, आणि लोड देणाऱ्या मशीनचा सीपीयूही बघा. बऱ्याचदा तीच आधी दमते. पेमेंट आणि एसएमएसच्या जागी स्टब (नकली सेवा) लावा, पण त्याला खऱ्या सेवेइतका उशीर द्या. लगेच उत्तर देणारा स्टब तुमची मुख्य अडचणच लपवेल.

दर ५० पासून सुरू करून दर दोन मिनिटांनी ५० वाढवा आणि शेजारी हिकारीचा पेंडिंग आकडा (कनेक्शनसाठी थांबलेले थ्रेड) उघडा ठेवा. तो शून्यावरून हलला त्या वेळचा दर आणि पूलची सेटिंग इथे टाका, मग पुढचं बघू.