पाळी नऊ दिवस लांबली आहे, कारण काय असू शकेल?

तुमचे वय 24, एरवी पाळी 28 ते 30 दिवसांनी येते, या वेळी मात्र 9 दिवस उलटले तरी आलेली नाही, आणि मागच्या महिन्यात परीक्षेसाठी बरीच जागरणे झाली, असे तुम्ही लिहिले आहे. मी स्त्रीरोग विभागात अनेक वर्षे परिचारिका होते आणि हा प्रश्न तेथे जवळजवळ रोज ऐकत असे.

शरीरसंबंध आला असेल, तर गर्भनिरोधक वापरलेले असले तरी आधी गरोदरपणाची तपासणी करावी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर सकाळची पहिली लघवी तपासावी, आणि गर्भ नाही असे दिसूनही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावी. मुलीला हे विचारताना मी सोबतच्या आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगत असे, कारण खरे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत.

गर्भ नसेल, तर एक गोष्ट समजून घ्यावी. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये सुमारे दोन आठवड्यांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून पाळी लांबली म्हणजे बहुधा स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडले, आणि त्याचे कारण गेल्या आठवड्यात न शोधता तीन-चार आठवडे मागे जाऊन शोधावे लागते. त्या दिवसांत मनावर मोठा ताण असेल, ताप येऊन गेला असेल, जेवण फार कमी झाले असेल, वजन झपाट्याने घटले असेल किंवा व्यायाम अति झाला असेल, तर मेंदूकडून बीजकोषांना मिळणारे संदेश मंदावतात. तुमच्या परीक्षेचे दिवस या हिशेबात नेमके बसतात का, ते दिनदर्शिकेवर मोजून पाहा.

पुष्कळ जणी गोळ्यांचा उल्लेख करायला विसरतात. गौरी-गणपती किंवा घरचे लग्न आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात; त्या बंद केल्यावर साधारणपणे दोन-चार दिवसांत पाळी येते, पण घेतल्याचे सांगितले नाही तर डॉक्टरांचा हिशेब चुकतो. संबंधानंतर घेतलेल्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही तारीख मागेपुढे होते, आणि मानसिक आजारावरील काही औषधांमुळे पाळी थांबू शकते.

पाळी वारंवार लांबत असेल आणि हनुवटीवर केस येणे, मुरुमे किंवा वजन वाढणे हेही जाणवत असेल, तर पीसीओडीची, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून बीजकोषांचे काम अनियमित होण्याच्या विकाराची, शक्यता पाहावी लागते. थायरॉइडचा दोष रक्ततपासणीत कळतो. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे, बाळ अंगावर पीत असतानाचा काळ आणि चाळिशीनंतरची वर्षे यांत अनियमितता येते; यांतला पहिला आणि शेवटचा काळ तुमच्या वयाला लागू नाही.

पपई, तीळ किंवा ओव्याचा काढा यांच्या भरवशावर आठवडे घालवू नयेत, आणि पाळी आणण्याच्या गोळ्या मनाने तर मुळीच घेऊ नयेत. एरवी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि मागच्या पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. मात्र ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, चक्कर आली किंवा खांद्यात कळ येऊ लागली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिलेला असू शकतो. अशा वेळी मध्यरात्र असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.