ड्रॉवरमधलं पाकीट

"ताई, ओळखीचा एखादा इमिग्रेशनचा वकील आहे का?" न्यू जर्सीत एडिसनला समुपदेशन करायला लागल्यापासून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितका दुसरा कुठलाच नाही. मी वकील नाही. पण हे विचारणारा माणूस बहुधा कित्येक रात्री झोपलेला नसतो, म्हणून माझ्या दारापर्यंत येतो. अशाच एका जोडप्याबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

स्नेहा आली होती ती नवऱ्याच्या झोपेची काळजी घेऊन. निखिलची नोकरी गेली होती. रात्री तीनला उठून तो हॉलमध्ये फेऱ्या मारायचा. मुलीवर कधी आवाज न चढवणारा बाप दूध सांडलं म्हणून तिच्या अंगावर धावून गेला होता. पुढच्या भेटीला ती त्याला घेऊन आली. अर्धा तास तो खुर्चीच्या टोकावर बसून "मी ठीक आहे" एवढंच म्हणत राहिला. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं. अकरा दिवस ते ड्रॉवरमध्ये गाडीच्या कागदांखाली होतं. फोडलेलं होतं, पण पहिल्या पानाच्या पुढे वाचायची त्याची हिंमत झाली नव्हती. स्नेहाने ते पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, माझ्यासमोर.

एच-१बीवरच्या, म्हणजे कंपनीमार्फत मिळालेल्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ची, म्हणजे राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्या दिवसांत नव्या कंपनीने अर्ज करायचा, नाहीतर आपण दुसऱ्या व्हिसासाठी करायचा, नाहीतर निघायचं. निखिलने बी-२चा, म्हणजे पर्यटक व्हिसाचा, अर्ज एका 'कन्सल्टंट'कडे सोपवला होता. तो दाखल झाला ६० दिवस उलटल्यावर. साहजिकच नामंजूर झाला आणि मागोमाग 'नोटीस टू अपिअर' आली, म्हणजे इमिग्रेशन न्यायाधीशापुढे हजर राहा. पाकिटात तीच होती. आम्ही अर्जाची प्रत काढून पाहिली, तर अर्ज तयार करणाऱ्याच्या रकान्यात कुणाचीच सही नव्हती. पैसे घेणारा माणूस कागदावर कुठे नव्हताच.

या अकरा दिवसांत निखिलने बऱ्याच जणांना विचारलं होतं. "मित्राला अशी नोटीस आलीय" असं सांगून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तिथे जितकी माणसं तितकी मतं. आधीच्या कंपनीच्या वकिलाने नम्रपणे नकार दिला. बरोबरच होतं. त्याचं अशील मुळात कंपनी. आपला एच-१बी ज्याने केला तो 'आपला वकील' असं आपण वर्षानुवर्षं धरून चालतो, आणि नोकरी जाते त्या दिवशी कळतं की तो आपला नव्हता. कन्सल्टंट म्हणाला, "तारखेला जाऊच नका, तारखा पुढे जातच असतात." हा सल्ला ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हजर राहिलं नाही तर गैरहजेरीतच देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शकतो आणि पुढे कित्येक वर्षं परतीची वाट बंद होते. सुनावणीआधी गुपचूप विमान पकडलं तरी खटला आपोआप मिटत नाही.

मी निखिलला ती नोटीस मोठ्याने वाचायला लावली. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला त्याचा नोंदणी क्रमांक, कुठे आहे, सरकारचं नेमकं म्हणणं काय आहे, तारीख आणि जागा कोणती. त्याचा आवाज कापत होता, पण त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग तो ए-नंबर आम्ही इमिग्रेशन कोर्टाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, कारण नोटिशीवरची तारीख बदललेली असू शकते. सुनावणी नुअर्कला होती, पाच आठवड्यांनी. "पाच आठवडे?" त्याने पुन्हा विचारलं. उद्या सकाळी कुणीतरी दार वाजवणार, या धास्तीत तो जगत होता. मग त्याने पाणी मागितलं.

वकील 'जवळचाच' हवा का, हे स्नेहाने विचारलं. इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा आहे. कुठल्याही एका राज्यात सनद असलेला वकील टेक्सासमध्ये बसून तुमचा एच-१बीचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो. नागरिकत्वाचा एन-४०० तर सरळ प्रकरण असेल तर कित्येक जण स्वतःच भरतात. मात्र कधीकाळी अटक झालेली असेल, अगदी आरोप मागे घेतलेला असला तरी, किंवा सलग सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिला असाल, तर अर्ज पाठवायच्या आधी वकिलाला दाखवा. कोर्टाची गोष्ट वेगळी. माझ्या मते तिथे त्याच कोर्टात नेहमी उभा राहणारा माणूस हवा. तिथल्या न्यायाधीशांची पद्धत त्याला ठाऊक असते.

या कोर्टात सरकार वकील देत नाही, पदरचे पैसे घालावे लागतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी इमिग्रेशन कोर्ट मोफत मदत करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध करतं, आणि न्याय खात्याची मान्यता असलेले, वकील नसलेले प्रतिनिधीही असतात. निखिल-स्नेहाने 'आयला' या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेच्या शोधयादीतून तीन नावं काढली. प्रत्येकाची सनद चालू आहे का, हे राज्याच्या नोंदणीत तपासलं. मी त्यांना विचारायचे प्रश्न लिहून दिले होते: गेल्या महिन्यात नुअर्कच्या कोर्टात किती वेळा उभे राहिलात, माझ्या तारखेला तुम्ही स्वतः याल का, फी लेखी द्याल का, प्रत्येक कागदाची प्रत मला मिळेल का.

पहिला म्हणाला, "शंभर टक्के सोडवतो," आणि रोख पैसे मागितले. दोघं उठून आले. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तिसऱ्या बाईंनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन दिवस मोजले. वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर १० वर्षं येता येत नाही. यांच्यावर ती पाळी यायला बराच अवकाश होता. मग त्या स्पष्टच म्हणाल्या, "राहण्यासाठी तुमची बाजू भक्कम नाही. पण तुमच्या नावावर हकालपट्टीचा हुकूम पडू नये, यासाठी मी झटेन." हे ऐकून निखिल रडला. स्नेहा मला नंतर म्हणाली, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं."

त्याच आठवड्यात त्याने माझ्या खोलीतून सांगलीला आईला फोन केला. तो फोन वकिलापेक्षाही अवघड होता. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ये की मग घरी."

न्यायाधीशांनी स्वेच्छेने देश सोडायची मुभा दिली. मुलीचं शाळेचं वर्ष संपल्यावर ते गेले. एच-१बीवर मिळणाऱ्या सहा वर्षांपैकी दोन त्याच्या खात्यात शिल्लक आहेत. कुणी कंपनी तयार झाली तर पुन्हा एच-१बीच्या लॉटरीत, म्हणजे सोडतीत, न पडता अर्ज करता येईल, हे बाईंनी त्याला लिहून दिलं आहे.

पोचल्यावर त्याचा मेसेज आला. झोप कशी आहे, मी विचारलं. "जेट लॅग आहे, ताई. आत्ता रात्रीचे तीन वाजलेत. आई पोहे करतेय, लेक ओट्यावर बसून शेंगदाणे निवडून खातेय."