हातातला स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात ढोल-ताशा आघाडीवर आहे, हे सांगायला नकोच. पथकांचा सराव सुरू झाला की फोनच्या माइकची परीक्षाही सुरू होते. त्यामुळे पहिले उत्तर लांबले आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या पथकाचा नदीपात्रातल्या सरावाचा व्हिडिओ काढतो तेव्हा आवाज फाटतो. मिरवणुकीत लायटिंगसमोर चित्रावर काळे पट्टे सरकतात. फोन चांगला महागाचा आहे. मग चुकते काय?
– एक वादक, कसबा पेठ

दोन्ही दुखणी वेगळी, पण मूळ एकच. आवाज किती घ्यायचा आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे फोन स्वतः ठरवतो आणि ढोल-ताशापुढे त्याचा अंदाज चुकतो.

आधी आवाज. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. शांततेत तो संवेदनशीलता वाढवून बसतो आणि पहिला ठोका पडला की सिग्नलचा माथा कापला जातो. मग घाबरून आवाज खाली ओढतो, दोन ठोक्यांमध्ये पुन्हा वर चढवतो. ऐकताना ढोल श्वास घेतल्यासारखा वाटतो तो यामुळे. कापला गेलेला माथा एडिटिंगमध्ये परत येत नाही. नंतर आवाज कमी केला की फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो, एवढेच.

उपाय जागेपासून सुरू होतो. ढोल कमरेला बांधला की त्याची पाने डावी-उजवीकडे तोंड करतात, म्हणून रांगेच्या बाजूला उभे राहणारा थेट पानासमोर सापडतो. रांगेच्या समोर किंवा मागे उभे राहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून दहावर गेलात तरी मोठा फरक पडेल. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज परत फेकतात, तिथे हा हिशेब इतका सरळ लागत नाही. मग गेन, म्हणजे माइकची संवेदनशीलता, हातात घ्यावाच लागतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फुकट मिळते, त्यात आवाजाची पट्टी दिसते. पथक पूर्ण जोरात वाजत असताना पट्टीची टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतका गेन खाली आणा. वादकांनी नुसते ढोल आवळताना गेन लावून काही उपयोग नाही.

वायरलेस माइक असेल तर ट्रान्समीटरचाच गेन सगळ्यात कमी करा. काहींत सेफ्टी ट्रॅक असतो, म्हणजे तोच आवाज आणखी हळू पातळीवर वेगळा साठवला जातो. तो चालू ठेवा. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर, म्हणजे अगदी हळूपासून अगदी मोठ्यापर्यंतचा आवाज आकड्यांत मावेल असा रेकॉर्डर, घेतला की आवाज फाटतच नाही, असे दुकानदार सांगतात. ते अर्धे खरे आहे. आकड्यांमध्ये फाटत नाही, पण माइकच्या पडद्याची सहनशक्ती संपली तर तिथे फ्लोट काही करू शकत नाही. रेकॉर्डर वेगळा ठेवलात तर चित्र आणि आवाज जुळवायला टाळी शोधू नका. टोलाचा पहिला ठोका दोन्हीकडे लख्ख दिसतो.

आता पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर त्या चालीशी जुळले नाही की पट्टे दिसतात. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. प्रकाश फार असेल तर १/१००. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात २५ फ्रेम दिसत नसतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा. शटर मात्र मूळ ॲपमध्ये लावता येत नाही, त्यासाठी वर सांगितलेले ॲप लागेल. अनेक अँड्रॉइड फोनच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर मिळते. एलईडी भिंतीची चाल मात्र विजेवर अवलंबून नसते. तिथे १/५०च्या आजूबाजूचे एकेक शटर लावून पडद्यावर पाहत जाणे, हाच मार्ग.

ध्वज आणि गुलालाचे स्लो मोशन उन्हातच उरका. १२० किंवा २४० फ्रेमला शटर १/१००पेक्षा जलद राहणारच, त्यामुळे दिव्यांखाली लुकलुक टळत नाही. आणि गुलाल चार्जिंगच्या भोकात गेला तर फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने तो आत थापला जातो. निघण्यापूर्वी भोकावर कागदी चिकटपट्टी लावा, माइकची छिद्रे तेवढी उघडी ठेवा.

क्लाससाठी छोटे व्हिडिओ करते. एडिटिंग ॲपमध्ये मराठी लिहिले की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात. डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर तर फोनवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.
– एक शिक्षिका, कोथरूड

देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. ‘कि’ लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी डावीकडे जाते. ही जुळणी करणारा भाग ॲपमध्ये नसला की अक्षरे टाइप केली तशीच ओळीने उभी राहतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, ॲपच बदलावे लागते. नवीन ॲप घेताना आधी ही ओळ लिहून पाहा : ‘ज्ञानेश्वरी, दऱ्याखोऱ्या, द्वंद्व, शृंगार, ॲप’. ती नीट उमटली तर बाकीचे उमटेल. दऱ्यातला ऱ्य जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) ऱ, हलन्त, य या क्रमाने येतो. साध्या र ने सुरुवात केलीत तर रफार येईल आणि दऱ्याखोऱ्यांचे ‘दर्याखोर्या’ होईल. दर्या म्हणजे समुद्र, विद्यार्थी लगेच पकडतात.

ॲप बदलायचे नसेल तर शीर्षक दुसऱ्या ॲपमध्ये काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत करा, चित्र म्हणून जतन करा, व्हिडिओवर थर म्हणून टाका आणि ब्लेंडमध्ये ‘स्क्रीन’ निवडा. काळा रंग नाहीसा होतो, अक्षरे राहतात. पारदर्शक चित्र बाहेर काढायला काही ॲप पैसे मागतात, ते वाचतात.

डीटीपीच्या मजकुराची गोष्ट वेगळी. श्रीलिपी हे मराठी जुळणीचे सॉफ्टवेअर पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे. आप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तके जुळवणाऱ्या कितीतरी संगणकांवर आजही त्याचे जुने फॉन्ट आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर मजकूर गेला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. डीटीपीवाल्यांना सांगा, ‘युनिकोडमध्ये बदलून द्या.’ त्यांच्याकडे ती सोय असते. बदललेल्या मजकुरात रफार, ऱ्य, अवतरणचिन्हे आणि आकडे डोळ्यांखालून घाला, घोटाळे तिथेच होतात. नुसते वाचायचेच असेल तर पीडीएफ पुरे.

फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे दोन्ही फुकट आणि मुक्त परवान्याचे आहेत. पुस्तकी वळण हवे असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. श आणि ल मराठी वळणाचे हवेत हा आपला आग्रह तिथे पुरा होतो. टीटीएफ फाइल फोनवर उतरवून ॲपच्या ‘इम्पोर्ट फॉन्ट’मधून आत घ्या. बारीक वजनाचा फॉन्ट वापरू नका. रील चढवताना दाबली गेली की शिरोरेषा आधी तुटते. मध्यम-जाड वजन, एका ओळीत चार-पाच शब्द, आणि १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत तळाचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा, तिथे बटणे आणि मथळा येतात.

आजी ८६ वर्षांची आहे, तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत. फ्लॅटमध्ये रेकॉर्ड केले तर आवाज घुमतो. कॉलर माइक घेतला, तरी फरक जाणवत नाही.
– एक नात, धायरी

बहुधा फोन तुमचा कॉलर माइक ऐकतच नाही. रेकॉर्डिंग चालू करून माइकच्या टोकावर नखाने खरवडा. आवाजाची पट्टी उडाली नाही तर फोनचा स्वतःचाच माइक चालू आहे. अशा वेळी माइकची पिन पाहा. काळ्या रेघा दोन असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा माइक, तीन असतील तर फोनसाठीचा. दोन रेघांच्या माइकला जोडणारा छोटा अडॅप्टर मिळतो. फोनला गोल जॅकच नसेल तर सी-टाइप अडॅप्टर माइकसकट चालणारा आहे ना, हे दुकानातच नखाने खरवडून बघा. अँड्रॉइडवर काही मूळ कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेतच नाहीत. ओपन कॅमेरा या फुकट ॲपमध्ये ऑडिओ सोर्स बाहेरचा माइक असा निवडता येतो. ब्लूटूथ इअरफोनचा माइक नको. बोलण्यासाठी ठीक, गळ्यासाठी पातळ.

घुमण्यावर औषध खोलीत आहे. हॉल सोडा, गाद्या-कपाटाची खोली घ्या. आजींच्या पाठीमागे गोधडी किंवा चादर टांगा, समोरची फरशी सतरंजीने झाका. पंखा बंद, फ्रीजपासून दूर, फोन एअरप्लेन मोडवर. कॉलर माइक हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर लावा, पदराच्या घडीखाली नको, कापड घासल्याचा आवाज पुढे काढता येत नाही. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ सोडून सकाळी लवकर बसा. बांगड्या वाजू द्याव्यात की नाही हा तुमचा निर्णय. आमच्या मते वाजू द्याव्यात.

आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करा, अँड्रॉइडवर डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. १६ बिटला तासाला साधारण ३४५ एमबी जागा जाते, म्हणजे नगण्य. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आजींचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि तारीख तोंडी बोला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्यांचा जो अफाट संग्रह केला, त्याचे मोल गायिकेचे नाव-गाव नोंदवल्यामुळे कितीतरी वाढले आहे. फाइलचे नाव बदलले जाते, बोललेले नाव राहते.

दिवाळी अंकांसाठी चित्रे काढतो. टॅब्लेट घ्यायचा आहे. साधा आयपॅड चालेल का?
– एक चित्रकार, सदाशिव पेठ

चालेल, पण पेन्सिल बघून घ्या. यूएसबी-सीवाली स्वस्त ॲपल पेन्सिल दाब ओळखत नाही. रेघ जाड-बारीक करायची असेल तर ती तुमच्या कामाची नाही. सध्याच्या साध्या आयपॅडवर दाब हवा तर पहिल्या पिढीचीच पेन्सिल आणि अडॅप्टर घ्यावा लागतो. एअर आणि प्रोच्या नव्या मॉडेलना पेन्सिल प्रो. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत एस-पेन खोक्यातच येतो, दाब ओळखतो आणि रेघ काढायला त्याला चार्जिंग लागत नाही. पण प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर. अँड्रॉइडवर क्रिटा, इन्फिनिट पेंटर, क्लिप स्टुडिओ आहेत.

दुकानात नेऊन पाहण्याची गोष्ट म्हणजे थर. ए-फोरला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरून ३०० डीपीआयला कॅनव्हास २५५१ बाय ३५७९ पिक्सेल होतो. त्या मापाचा कॅनव्हास उघडून किती थर मिळतात ते बघा. रॅम कमी असली की थर कमी मिळतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि भगवा छपाईत मवाळ होणारच, एक प्रूफ काढून घ्या. रेघांचा काळा रंग छपाईच्या चार रंगांत विभागला गेला तर रेघा दुहेरी दिसतात, म्हणून रेघांचा थर वेगळा ठेवून पीएसडी (थर जपणारी फोटोशॉपची फाइल) द्या आणि ‘रेघा फक्त काळ्या प्लेटवर’ असे लिहून कळवा.

फोरके व्हिडिओ एडिटरला कसा पाठवू? व्हॉट्सॲपवर गेला की धूसर होतो.
– एक घरगुती फराळ व्यावसायिक, हडपसर

डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेव्हा तो दाबला जात नाही. मर्यादा २ जीबी. आयफोनवर फोरके ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, म्हणजे अकरा-बारा मिनिटे बसतील. चकलीच्या रीलला फोरके कशाला, हा प्रश्न आम्ही विचारतो आहोतच. १०८०ला मिनिटाला ६० एमबी पुरतात. पेनड्राइव्हवर ‘फाइल फार मोठी’ असे आले तर तो फॅट३२ आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. आतले काढून ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एडिटरने ‘आवाज मागे पडतोय’ अशी तक्रार केली तर त्याला ‘हँडब्रेक’ या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटवर बदलून घ्यायला सांगा. फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो, त्याने ही घसरण होते. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर चालू असेल तर तिथला व्हिडिओ जास्तीत जास्त १०८०चा राहतो, मूळ फाइल हटवण्याआधी हे लक्षात घ्या.

बाइकच्या हँडलला फोन लावून सिंहगडाच्या घाटाचे चित्रण केले तर चालेल?
– एक वाचक, वडगाव बुद्रुक

नको. कॅमेऱ्याची लेन्स हलती तोलून धरणारी यंत्रणा इंजिनाच्या कंपनांनी बिघडू शकते. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये हे लेखी सांगितले आणि जास्त ताकदीच्या मोटरसायकलवर फोन लावूच नका, अशी सूचना केली. मोपेड किंवा इलेक्ट्रिक स्कूटरसाठीही कंपन शोषणारा होल्डर वापरायला सांगितले आहे. घाटासाठी जुना, स्थिरीकरण नसलेला फोन किंवा ॲक्शन कॅमेरा वापरा आणि वर माथ्यावर वाऱ्यात बोलायचे असेल तर माइकवर केसाळ टोपी चढवा. फोमची टोपी तिथल्या वाऱ्याला पुरत नाही.